सातारा रस्ता, चढाची बाजू

रविवार, ३ ऑगस्ट २०२५

सोसायटीच्या फलकावर आज नोटीस लागली. पुढच्या रविवारी सकाळी साडेदहाला हॉलमध्ये बैठक, विषय सातारा रस्त्यावरचा सायकल मार्ग. शेजारच्या सोसायट्या आणि रस्त्यावरचे दुकानदारही येणार आहेत. अंदाजपत्रकात घ्यायची लहान कामं नागरिकांनी सुचवायची, ही पद्धत पुण्यात २००६-०७ पासून आहे. या वेळी आपल्या भागातून एकच मागणी एकमुखानं जावी असं सेक्रेटरींच्या मनात आहे. मार्ग दुरुस्त करा म्हणायचं, की तो काढून तिथे गाड्या लावायला जागा द्या म्हणायचं, एवढं ठरवायचं आहे.

नगरसेवक असते तर हे भांडण त्यांच्या दारात गेलं असतं. मार्च २०२२ पासून महापालिकेत प्रशासक आहेत, निवडणूक अजून व्हायची आहे. तेव्हा आपलं आपल्यालाच निस्तरायचं.

माझं मत आजच लिहून ठेवते. मार्ग राहिला पाहिजे. पण नुसतं एवढं म्हणून हॉलमध्ये कुणी ऐकून घेणार नाही. आठवडा हातात आहे, रस्ता नीट बघून घेते.

मंगळवार, ५ ऑगस्ट

पहाटे मोजपट्टी घेऊन बाहेर पडले. पावसाची भुरभुर होती, वर्दळ अजून सुरू व्हायची होती.

हा मार्ग बीआरटीबरोबर आला. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर अशी बीआरटी सुरू झाली. तेव्हा मधोमध बसची मार्गिका, दोन्ही बाजूंना गाड्या आणि कडेला सायकल व फुटपाथ असा आराखडा होता. कागदावर तो आजही चांगला वाटतो. रस्त्यावर त्याचे तुकडे उरले आहेत. एखादा तुकडा इतका छान आहे की दोन सायकली शेजारी शेजारी जातील. इंडियन रोड्स काँग्रेसची २०१५ ची मार्गदर्शिका एका दिशेच्या मार्गाला किमान दोन मीटर रुंदी सांगते, तेवढी इथे बऱ्याच ठिकाणी भरते. पण पुढे विजेची डीपी मार्गाच्या ऐन मधोमध उभी. ती चुकवून गेलं की दुकानाच्या पायऱ्या पुढे आलेल्या, मग चेंबरचं झाकण बोटभर वर, मग राडारोडा, मग वडाच्या मुळांनी उचललेले पेव्हर ब्लॉक. आणि चौक आला की मार्ग संपतोच. उतार नाही, कडेचा दगड तसाच. सायकल उचलून खाली ठेवायची आणि बसच्या पुढ्यात उतरायचं.

मोटारसायकली आत शिरू नयेत म्हणून तोंडाशी खांब रोवले आहेत. त्यांच्यामधून मोटारसायकल जात नाही हे खरं, पण दोन्ही बाजूंना कॅन लावलेली दूधवाल्याची सायकलही जात नाही. मोटारसायकलवाले पुढच्या सोसायटीच्या फाटकातून आत शिरतात, त्यांचं काहीच अडत नाही. दूधवाला मात्र मुख्य रस्त्यावरून जातो.

संध्याकाळी पुन्हा गेले आणि बसथांब्यावर उभी राहिले. ‘सायकली आहेतच कुठे?’ हा प्रश्न रविवारी पहिला येणार, म्हणून वही बरोबर नेली होती. हँडलला डबा लावलेले सुरक्षा रक्षक, मार्केट यार्डातून सुटलेले हमाल, खांद्यावर वायरचं भेंडोळं घेतलेला इलेक्ट्रिशियन, क्लासला निघालेली मुलं, दोन घरांची पोळीभाजी करून तिसरीकडे निघालेल्या बायका. यांतलं जवळजवळ कुणीच मार्गावरून जात नव्हतं. सगळे गाड्यांच्या मार्गिकेच्या डाव्या काठावर, पीएमपीच्या बसला आरसा लागेल इतक्या अंतरावर.

आणखी एक गोष्ट आज पायांना जाणवली. कात्रजकडे जाताना हा रस्ता चढत जातो. गाडीत बसलेल्याला तो चढ कळत नाही, सायकलवाल्याला कळतो. स्वारगेटकडे उतरणारा सायकलवाला वेगात असतो, गाड्यांच्या बरोबरीनं निघून जातो. चढणाऱ्याचा वेग पडतो, सायकल डगमगते, तो डावी-उजवीकडे झोले घेतो. आणि चढायची वेळ असते संध्याकाळची, दिवसभराच्या कामानंतरची. धनकवडी, आंबेगाव, कात्रजला राहणारी माणसं शहरात उतरून कामाला जातात आणि थकल्यावर चढ चढून घरी येतात.

गुरुवार, ७ ऑगस्ट

पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचे यजमान रखवालदार आहेत, सायकलनं जातात. मावशींना म्हटलं, रविवारी बैठकीला त्यांना घेऊन या.

“साडेदहाला? ताई, रविवारी तर सगळ्यांकडे पाहुणे असतात. माझी चार घरं असतात तेव्हा. आणि ते रातपाळी करून झोपलेले असतात.”

“मग त्यांचं म्हणणं काय आहे ते मला सांगा. मी मांडते.”

त्यांनी लाटणं थांबवलं आणि थोडा विचार केला. “चढाला ते उतरतात, ढकलत नेतात. पण ढकलायला तरी बाजूला जागा पाहिजे ना? मागून हॉर्न मारतात लोक. एवढं सांगा.”

हे मला सुचलं नव्हतं. सायकल हातात धरून चालणाऱ्या माणसाला फुटपाथही पुरत नाही आणि रस्ताही त्याचा नसतो.

शनिवार, ९ ऑगस्ट

राखीपौर्णिमा. दादा आला तो वैतागूनच, गाडी लावायला जागा मिळेपर्यंत ताट थंड झालं. “आधी पार्किंग मागा तुम्ही लोक,” म्हणाला. मी ओवाळलं आणि मग वाद घातला.

वादातून आठवणी निघाल्या. वडिलांच्या सायकलला नगरपालिकेचा बिल्ला होता. रात्री दिवा नसला की पोलीस अडवायचा, डबलसीट सापडलं तर दंड. खडकीची ॲम्युनिशन फॅक्टरी सुटली की सायकलींचा लोंढा निघायचा. भाड्याच्या सायकलीची दुकानं होती, तासावर सायकल मिळायची. मग १९७२ मध्ये आकुर्डीत चेतक आली, त्याच सुमारास लूना आली, आणि ज्याला जसं परवडलं तसा तो सायकलवरून उतरला. त्यात चूक कुणाचीच नाही. दूरच्या नोकऱ्या, पुऱ्या न पडणाऱ्या बस, माणसांनी काय करायचं? पण २०१८ मध्ये आरटीओच्या नोंदीतली वाहनं शहराच्या लोकसंख्येच्या पुढे गेली, छत्तीस लाखांवर. दादाला गाडी लावायला जागा मिळत नाही त्याचं कारण या आकड्यात आहे. सायकल मार्गाचे दोन मीटर खाऊन ते संपणार नाही. पुढच्या राखीपौर्णिमेला ती जागाही भरलेली असेल.

दादाला हे पटलं नाही. त्यानं चारदा नारळीभात घेतला आणि चारदा पार्किंग म्हटलं.

रविवार, १० ऑगस्ट

बैठक दीड तास चालली. जसं आठवतं तसं लिहिते.

पहिले बोलले हार्डवेअरचे काका. “तीस वर्षं दुकान आहे माझं. बीआरटीच्या वेळी रस्ता उकरला तेव्हा काय हाल झाले ते आम्हाला माहीत. आमचं गिऱ्हाईक गाडी बाजूला घेतं, दोन मिनिटांत नळाचं वायसर घेऊन जातं. गाडी लावता आली नाही तर ते मोबाइलवरून मागवतं. तुमचा सायकल मार्ग होईल, माझं शटर बंद होईल.” यात खोटं काही नाही. ज्याचा धंदा रस्त्याला चिकटून आहे त्याला रस्त्यातल्या प्रत्येक बदलाची भीती वाटणारच. सायकलच्या बाजूनं बोलणारे आम्ही ही भीती नीट ऐकून घेत नाही, आणि म्हणून निम्म्या बैठका हरतो.

मग एक तरुण उठला. दर रविवारी भारी सायकलवर कात्रजचा घाट करून येतो, हेल्मेट-बिल्मेट घालून. सगळ्यांना वाटलं हा मार्गाच्या बाजूचा. तो म्हणाला, “मी त्या ट्रॅकवरून कधीच जात नाही. पेव्हरवर सायकल उडते. मला गुळगुळीत डांबर द्या, बस.” टाळ्या पडल्या. सायकलवाल्यालाच नको असेल तर विषयच मिटला, असं कुणीतरी म्हणालं.

मला तिथेच बोलावं लागलं. तो मुलगा पंचवीस-तीसच्या वेगानं जातो आणि पहाटे जातो. त्याची गरज वेगळी. चढावर हातात सायकल धरून चालणाऱ्या रखवालदाराच्या वतीनं त्याला मत देता येणार नाही. २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदाच लोकांना विचारलं होतं की कामाला कशानं जाता. शेती आणि घरगुती उद्योग वगळून देशात जे वीस कोटी कामकरी होते, त्यांतले सुमारे अडीच कोटी सायकलनं जात होते, जवळपास दुचाकीवाल्यांइतकेच. ही माणसं कुठल्या सायकल क्लबात नसतात. मी मावशींचा निरोप जसाच्या तसा सांगितला. हॉल क्षणभर गप्प झाला, पण मत फिरलं असं म्हणणार नाही.

वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी वेगळाच मुद्दा काढला. “मला चालायला तीच जागा आहे. फुटपाथवर हातगाड्या, म्हणून मी सायकलच्या पट्ट्यावरून चालतो. तो काढलात तर मी घरात बसायचं का?” दाराशी भाजीवाल्या मावशी उभ्या होत्या, त्यांनी तिथूनच आवाज दिला, “मग आम्ही कुठं बसायचं, ते पण लिवा त्या कागदात.” पथारीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, जागा ठरवून देण्याचं काम समितीचं आहे, जागा ठरत नाहीत तोवर चालणारा, विकणारा आणि सायकलवाला हे तिघं एकाच पट्ट्यासाठी भांडत राहतात. बाकीचा सगळा रस्ता ज्यांच्याकडे आहे त्यांचं नाव या भांडणात कुणी घेत नाही.

एका गृहस्थांनी अभ्यास केला होता. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातला सायकल मार्ग काढून गाड्यांना जागा द्यायचं एमएमआरडीएनं २०२४ मध्ये ठरवलं. दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद ५.८ किलोमीटरची बीआरटी होती, सायकल मार्गासकट. २००८ मध्ये सुरू केली, २०१६ मध्ये उखडली. “मोठ्या शहरांनी अनुभव घेऊन काढले, आपण कशाला कवटाळून बसायचं?” माहिती बरोबर आहे. पण दिल्लीचा आणखी एक भाग आहे. बसच्या मार्गिकेत मोटारींना जाऊ द्या अशी याचिका तिथल्या उच्च न्यायालयात गेली होती आणि २०१२ मध्ये न्यायालयानं ती फेटाळली. म्हणजे कायद्यानं टिकलेली गोष्ट नंतर राजकारणात गेली, कारण अडकलेला मोटारवाला बोलू शकत होता आणि बसमधला माणूस वेळेवर पोचून कामाला लागलेला होता.

दुसऱ्या एकांनी पवईचं उदाहरण दिलं. तलावाकाठचा तो मार्ग मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बेकायदा ठरवला. तो निकाल मला पूर्ण मान्य आहे. पाणथळ जागेत भराव घालून फेरफटक्यासाठी बांधलेला मार्ग आणि कामावर जाण्याच्या रस्त्याची कड, या दोन गोष्टी एका नावाखाली आणू नयेत.

शेवटी मेट्रो निघालीच. स्वारगेट–कात्रज भुयारी मार्गाला ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, साधारण साडेपाच किलोमीटर. ती झाल्यावर बघू, असं बऱ्याच जणांचं म्हणणं. मंजुरीच्या वेळी त्यात स्थानकं तीन होती: मार्केट यार्ड, पद्मावती, कात्रज. मधल्या वस्तीतल्या लोकांनी स्थानकापर्यंत जायचं कसं? चालत किंवा सायकलनं. मेट्रो आली म्हणजे या कडेची गरज वाढणार आहे.

निर्णय झाला नाही. पुढच्या रविवारी पुन्हा बसायचं.

सोमवार, ११ ऑगस्ट

रात्रभर एकच गोष्ट डोक्यात. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेनं शहराचा सायकल आराखडा मंजूर केला, शेकडो किलोमीटरचं जाळं त्यात होतं. त्याच सुमारास भाड्याच्या सायकली चौकाचौकांत दिसू लागल्या आणि थोड्याच काळात दिसेनाशा झाल्या. आज जो तो म्हणतो, करून पाहिलं, लोकांनी वापरलं नाही. पण लोकांना दिलं काय? तुकडे. चौकात तुटणारा मार्ग म्हणजे मधली कमान पडलेला पूल. त्यावरून कुणी जात नाही म्हणून पुलाची गरज नव्हती असं ठरवायचं? अर्धवट बांधायचं, अर्धवट आहे म्हणून लोक टाळणार, आणि लोक टाळतात हा पुरावा करून तेही काढायचं. या चक्राचा मला मनापासून राग येतो.

म्हणून मागणी बदलली पाहिजे. ‘सायकल मार्ग दुरुस्त करा’ असं मोघम लिहिलं की पेव्हर बदलले जातील आणि चौक तसेच राहतील. चौक मागायचे. आणि दोन्ही बाजू एकदम मिळणार नसतील तर आधी चढाची बाजू.

बुधवार, १३ ऑगस्ट

रात्री आठला, रखवालदारांची पाळी बदलते तेव्हा, फाटकापाशी उभी राहिले. आजूबाजूच्या सोसायट्यांतलेही काही जण आले. मावशींचे यजमान होते. हॉलमध्ये दीड तासात जे कळलं नाही ते इथे पंधरा मिनिटांत कळलं.

दिव्यांचं त्यांनीच दाखवलं. रस्त्याच्या दिव्यांचा उजेड गाड्यांच्या मार्गिकेत पडतो; कडेचा मार्ग झाडांच्या सावलीत काळोखा. उघडं चेंबर दिसत नाही, म्हणून रात्री तिकडून कुणी जात नाही. दुसरं, सिग्नलला सायकलवाल्याला बसच्या पुढे उभं राहायला जागा हवी. शेजारी उभं राहिलं की डावीकडे वळणाऱ्या बसच्या ड्रायव्हरला तो दिसतच नाही. एकजण म्हणाला, “मॅडम, ट्रॅकला रंग नसला तरी चालंल. ह्यो एक दगड उतरता करा.” त्यांनी जो दगड दाखवला तो मी गेल्या आठवड्यात पहाटे मोजला होता.

गुरुवार, १४ ऑगस्ट

हार्डवेअरच्या काकांकडे गेले. चहा मागवला त्यांनी. मालाचा टेम्पो सकाळी आठच्या आत येतो, त्याला कुणाची हरकत नाही. गिऱ्हाइकांच्या दुचाकी शेजारच्या गल्लीच्या तोंडाशी लावता येतील, तिथे पट्टे मारून द्या असं तेच म्हणाले. पायऱ्या मात्र मागे घेणार नाहीत. त्यावर बोलणं वाढलं, मग थांबलं. चौकातल्या उतारांना पाठिंबा देतो, सही करतो, पण पार्किंगची मागणी वेगळ्या अर्जात देणार म्हणाले. तो त्यांचा हक्क आहे.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

शाळेत झेंडावंदन झालं. नंतर नववी-दहावीच्या मुलींना विचारलं, सायकल कुणाकुणाला येते? भराभर हात वर झाले. शाळेत कोण आणतं? दोनतीन हात. घरचे नको म्हणतात. कारण एकच, मोठा चौक. राज्यातल्या मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेला जायला सरकार सायकली देतं, आणि गावच्या मुली रोज काही किलोमीटर जातात. इथे मुलीला सायकल येते, घरी सायकल आहे, शाळा जवळ आहे, आणि तरी ती रिक्षाकाकांच्या रिक्षात दाटीवाटीनं बसून येते.

देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतला जवळजवळ पाचवा हिस्सा पायी चालणारे. आईबाप नको म्हणतात त्यांना भित्रं कोण म्हणेल? त्यांची भीती खरी आहे, तिला उत्तर रस्त्यानं द्यायचं आहे.

रविवार, १७ ऑगस्ट

आज बैठक लवकर आटोपली. ‘काढा’वाले सगळे ‘ठेवा’कडे आले असं झालं नाही. पण ‘चढाच्या बाजूचे दोन चौक’ म्हटल्यावर भांडायला कमी उरलं. घाट करणारा तरुण म्हणाला, मग मीही वापरेन, आणि नकाशा काढून द्यायचं त्यानं स्वतःहून घेतलं. अभ्यासू गृहस्थांनी सही केली नाही. आजोबांनी केली, वर ‘चालणाऱ्यांसाठीही’ असं हातानं लिहून. भाजीवाल्या मावशींचं म्हणणं शेवटच्या कलमात घातलं आहे: जागा ठरवून द्या, मग हलवा.

अर्जात आता एवढं आहे. दोन्ही चौकांत कडेचे दगड उतरते करणे. सिग्नलला सायकलींसाठी पुढची जागा आखणे. झाडांखालच्या पट्ट्यावर कमी उंचीचे दिवे. चेंबरची झाकणं सपाटीला. डीपी हलवता येत नसेल तर मार्ग तिला वळसा घालून, पण सलग. खांबांमधलं अंतर बदलणे.

मंगळवार, १९ ऑगस्ट

क्षेत्रीय कार्यालयात कच्चा अर्ज दाखवला. अभियंत्यांनी नीट वाचला, ही कामं पथ विभागाकडे जातील, विजेचं वेगळं द्या म्हणाले. मग बोट ठेवून विचारलं, “खांबांमधलं अंतर किती हवं? आकडा लिहा, नाहीतर आहे तेच पुन्हा बसेल.” मोटारसायकल अडली पाहिजे आणि कॅनची सायकल गेली पाहिजे, असा आकडा. दूधवाला पहाटे पाचला येतो. उद्या मोजपट्टी घेऊन खाली उभी राहते, कॅनसकट त्याची सायकल मोजते आणि गुरुवारी अर्ज देऊन टाकते.